घर रिकामं करायला सहा महिने द्या

पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असलेल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य यांना,



पुनर्विकासाचा विषय निघाल्यापासून इमारत रिकामी होईपर्यंत किती सभा होतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वाढीव कार्पेट किती, कॉर्पस किती, पार्किंग कुणाला, भाडं दरवर्षी किती वाढणार, बँक गॅरंटी कधी हातात पडणार. प्रत्येक प्रश्नावर आवाज चढतात आणि ते चढायलाच हवेत. लोकांची आयुष्यभराची मिळकत पणाला लागलेली असते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने सहकार कायद्याच्या कलम ७९ (अ) खालची कार्यपद्धती आखून दिली आहे आणि चांगल्या समित्या ती पायरी पायरीने पाळतात. तरीही जेवढी इतिवृत्तं आणि विकसन करार मी वाचले, त्यांत एका कामाबद्दल मला ओळसुद्धा सापडली नाही. ते काम म्हणजे चाळीस-पन्नास वर्षं भरत आलेलं घर रिकामं करणं. त्याच कामासाठी हे पत्र लिहिते आहे.

आज काय घडतं ते सांगते. करार नोंदवला जातो, नकाशे मंजूर होतात आणि एक दिवस पत्र येतं, की अमुक तारखेपर्यंत जागेचा ताबा द्यावा. बहुतेक ठिकाणी हातात महिना-दीड महिना उरतो. तेवढ्यात भाड्याचं घर शोधायचं, दलालाशी बोलायचं, गॅसची नोंद बदलायची, नातवंडांच्या शाळेच्या बसचं बघायचं आणि उरलेल्या वेळात घर आवरायचं. ते आवरून होत नाही. शेवटच्या आठवड्यात पॅकर्सची माणसं येतात, खोकी उघडतात आणि समोर दिसेल ते भरतात. खोक्यात न गेलेलं सगळं जिन्यावरून खाली जातं. आमच्या आवारात अखेरच्या दिवसांत साचलेल्या ढिगात कापसाच्या गाद्या होत्या, शिसवी पलंगाचे पाय होते, पितळी बंब होता, देवांच्या तसबिरी होत्या, कागदातून कधीच बाहेर न आलेले लेमनसेट होते. एका बाजूला लग्नाचे तीन अल्बम आणि कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला पडलेला होता. त्या रात्री पाऊस झाला. ज्यांच्या या वस्तू होत्या ती माणसं नेटकी, काटकसरी, पै-पैचा हिशेब ठेवणारी होती. त्यांना वेळ मिळाला नाही, एवढंच.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, नवं घर तर मोठं मिळणार, मग आवराआवर कशाला? कागदावर ते मोठं असतं हे खरं. पण १९७०-८० च्या दशकांतल्या इमारतींत मोरीवर, स्वयंपाकघरावर, कधी झोपायच्या खोलीवरही स्लॅबचा माळा असायचा. जिन्याखाली सायकल आणि पाण्याचं पिंप राहायचं, गच्चीच्या खोलीत सणासुदीची भांडी आणि गणपतीची आरास राहायची. यातलं काहीच करारातल्या चौरस फुटांत मोजलेलं नसतं आणि नव्या इमारतीत ते बहुधा नसतंच. शिवाय मधली तीन-चार वर्षं भाड्याच्या घरात काढायची असतात. मिळणाऱ्या भाड्यात त्याच भागात तेवढंच घर मिळेलच असं नाही. म्हणजे सामान दोनदा उचलायचं आणि मध्ये निम्म्या जागेत बसवायचं. काही ज्येष्ठ तर परतून येतच नाहीत. ते मुलाकडे एका खोलीत जातात, नाहीतर ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत लहान घर घेतात. त्यांच्यासाठी हे आवरणं कायमचं असतं.

आणि आवरतं कोण? सत्तरी-पंचाहत्तरीची बाई. बहुतेक घरांत यजमान गेलेले असतात, मुलं बंगळूरला नाहीतर न्यू जर्सीला असतात. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणतो, ‘आई, सगळं टाकून दे, नवीन घेऊ.’ आई गप्प बसते. तो तिच्या भल्यासाठीच बोलत असतो. पण माळ्यावरच्या निम्म्या खोक्यांत त्याच्याच अभियांत्रिकीच्या वह्या, कॅसेट, क्रिकेटचं पॅड आणि वक्तृत्वाच्या ढाली असतात, हे त्याला आठवत नाही. माझं ठाम मत आहे, की पहिली आवराआवर मुलांनी स्वतःच्या सामानाची करावी, आणि त्यासाठी रजा काढून यावं. तुम्ही समितीतर्फे प्रत्येक सभासदाच्या मुलांना, सहसभासदांना पत्र पाठवू शकता. सोसायटीच्या लेटरहेडवरचं पत्र आईच्या फोनपेक्षा लवकर मनावर घेतलं जातं.

पुण्यातल्या या पिढीच्या जपून ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले संसार काही तासांत वाहून गेले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती वसल्या. आज त्याच भागांत पुनर्विकासाचे फलक लागले आहेत. ज्यांनी लहानपणी एका दिवसात सगळं गमावलं, मग साखरेसाठी रेशनच्या रांगा आणि रॉकेलसाठी डबे घेऊन उभं राहणं पाहिलं, त्यांनी सुतळीचा तुकडाही गुंडाळून ठेवला तर नवल नाही. या माणसांना ‘किती हा पसारा’ असं म्हणू नका. सभेत तर मुळीच नको. त्यांच्या घरात काम करायचं तर त्यांचा हात वस्तूवरून सुटेपर्यंत थांबावं लागतं, आणि थांबायला महिने लागतात.

मी सहा महिने मागते आहे ते यासाठी. ताबा द्यायच्या तारखेआधी सहा महिने, आणि ती तारीख लेखी. नकाशे मंजूर होण्याची वाट पाहत समिती नाहीतरी काही महिने थांबतेच. तो काळ रिकामा जातो. तेव्हाच कामाला लागलं तर कुणाचंही नुकसान नाही, विकासकाचंही नाही. उलट शेवटच्या दिवशी अडून बसलेलं एखादं घर सगळ्या प्रकल्पाला किती महाग पडतं, हे त्यालाही ठाऊक असतं.

सहा महिन्यांत काम कोणत्या क्रमाने व्हावं, याबद्दल अनुभवातून बोलते. अल्बम आणि पत्रांपासून कधीही सुरुवात करू नये. पहिल्याच दुपारी माणूस पाच पानांवर अडतो, डोळे भरतात आणि मग कपाट आठ दिवस उघडलं जात नाही. सुरुवात औषधांच्या डब्यापासून करावी. मुदत संपलेल्या गोळ्या, वायरींचं भेंडोळं, बंद पडलेले चार्जर, मिठाईचे प्लास्टिकचे डबे, फ्रीजची कधीच संपलेली वॉरंटी. यांच्यावर कुणाचा जीव नसतो. त्यातून हाताला सवय लागते आणि पहिलं कपाट रिकामं दिसलं की पुढच्या कपाटाला बळ येतं. मग कपडे आणि अंथरुणं, मग भांडी, मग पुस्तकं. फोटो आणि पत्रं सगळ्यात शेवटी, घरातली दोन-तीन माणसं एकत्र बसतील तेव्हा. आजीला नावं सांगता येत असतील तर फोटोच्या मागे पेन्सिलने तेव्हाच लिहून घ्यावीत.

कागदांना मात्र वेगळा नियम. एकही फाइल न उघडता रद्दीत जाऊ नये. जुन्या घरांत यजमानांच्या कपाटात शेअरची कागदी प्रमाणपत्रं निघतात आणि ती आता निकामी म्हणून फाडली जातात. ती निकामी नसतात. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, पण वारसांच्या नावे करून डीमॅट करता येतात. सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीकडे जातात, आणि तिथूनही अर्ज करून ते परत मिळवता येतात. दहा वर्षं हात न लावलेल्या बँक ठेवींचंही तसंच. त्या रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात, पण ठेवीदाराचा किंवा वारसाचा हक्क राहतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘उद्गम’ या संकेतस्थळावर नाव घालून शोध घेता येतो. जुनं पासबुक आणि ठेवीची पावती म्हणूनच मोलाची. त्याच गठ्ठ्यात घराचं मूळ खरेदीखत, इंडेक्स टू आणि तुमच्याच सोसायटीचं भाग प्रमाणपत्र असतं, ज्याच्याविना नव्या घराची कागदपत्रं अडतात. समितीने एखाद्या जाणत्या सभासदाला, निवृत्त बँक कर्मचारी बहुतेक सोसायट्यांत असतोच, महिन्यातून दोन रविवार या कामासाठी बसवावं. विधवा बायकांना याचा किती आधार होतो, ते मी पाहिलं आहे.

आता भांडी. यावर जरा रेंगाळते, कारण घाईत सगळ्यात जास्त इथेच हातचं जातं. घंगाळ, हंडा, कळशी, परात, सतेली, मोदकपात्र, बंब. शेगडीवर तांब्या-पितळेची भांडी राहिली नाहीत, कल्हईवाला वर्षानुवर्षं दारावर येत नाही, इंडक्शनवर ती तापत नाहीत. म्हणून ती मोडीत जातात आणि मोड वजनावर जाते. मोडीला माझा विरोध नाही. धातू वितळून पुन्हा भांडं होणं हा त्याचा धर्मच आहे. पण विकण्याआधी भांडं उलटं करून, काठावर बोट फिरवून पाहावं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत होती. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या वास्तुशांतीला, कुणी कुणाला, कोणत्या तारखेला, हे सगळं टाकीने ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं असतं. कित्येक घरांत पणजीचं माहेरचं नाव फक्त एका ताम्हणाच्या काठावर शिल्लक आहे. कुठल्याही दाखल्यावर ते नाही. असं नाव आधी टिपून घ्यावं, फोटो काढावा. सगळी भांडी ठेवायला जागा नसते हे मला मान्य आहे. रोजच्या वापरात येईल असं एक ठेवावं. पिण्याच्या पाण्याला तांब्याची कळशी लहान घरातही मावते. उरलेली भावंडांत, भाचरांत विचारावी. ‘आजीचं घंगाळ कुणाला हवं?’ असं चार महिने आधी विचारलं तर एखादी भाची हुबळीहूनही येऊन घेऊन जाते. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर सगळे नाहीच म्हणतात.

आहेरातल्या वस्तूंचं दुःख वेगळं आहे. न उघडलेले स्टीलचे डबे, चादरी, ब्लाउजपीस, भिंतीवरची घड्याळं. पूर्वी दारावर बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन भांडं देऊन जायची. सोसायटीच्या गेटवर सुरक्षारक्षक बसला तेव्हापासून तिला आत सोडत नाहीत. त्या सहा महिन्यांपुरता तिला, चिंधीवाल्याला, जरीच्या जुन्या साड्या घेणाऱ्याला ठरावीक वारी आत येऊ द्या. मऊ झालेल्या सुती साड्यांच्या गोधड्या शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. गादीतला कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. हे सगळं जमतं, पण त्याला आठवडे लागतात.

घरातल्या वस्तू वेळेत कुणी पाहिल्या तर काय होतं, याचं उदाहरण पुण्यातच आहे: राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास गावोगावच्या घरांतून, वाड्यांतून दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, विळ्या, खेळणी, दारं-खिडक्या गोळा करायला सुरुवात केली आणि हयातभर ते काम केलं. बालवयात गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहाला दिलं आणि सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा सामान्य घरांतल्या वस्तूंचा मान मोठा आहे. त्यांच्याही आधी इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव दफ्तरं शोधत फिरले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनीच उभं केलं. हे दोघे एवढं मिळवू शकले, कारण वस्तू भंगारात आणि कागद रद्दीत जाण्याआधी ते दाराशी पोचले. तुमच्या इमारतीत मोडी लिपीतले कागद, जुनी जमाखर्चाची वही, कुलवृत्तांत, स्वातंत्र्याआधीची पत्रं, गिरणीचा किंवा कारखान्याचा ओळखबिल्ला निघाला तर आधी जाणकाराला दाखवा. प्रत्येक बाडाला संग्रहालयात जागा मिळणार नाही आणि मिळावी अशीही अपेक्षा नाही. बऱ्याचदा जाणकार पाहून सांगतो, की हे घरीच ठेवा, फोटो आम्हाला द्या. तेवढंही पुष्कळ असतं.

पुस्तकांचं वास्तव मात्र कटू आहे. ग्रंथालयं आता सरसकट देणगी घेत नाहीत, कारण त्यांच्याकडे कपाटं नाहीत आणि मनुष्यबळ नाही. विश्वकोशाचे खंड, बांधून घेतलेले दिवाळी अंक, संपूर्ण वाङ्मयांचे संच किलोवर जातात. मी सुचवीन ते साधं आहे: आधी यादी, मग निमंत्रण. प्रत्येक घराने शंभर पुस्तकांची यादी केली तर वीस घरांची दोन हजारांची यादी होते, आणि अशी यादी पाहायला ग्रंथपाल, महाविद्यालयं, जुन्या पुस्तकांचे विक्रेते स्वतः येतात. ज्या पुस्तकांना कुणी मागत नाही ती पार्किंगमध्ये टेबलावर मांडा आणि आसपासच्या मुलांना घेऊ द्या. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचे सोहळे भरवले आणि माणसं पिशव्या घेऊन आली. वाचक नाहीत म्हणून पुस्तकं रद्दीत गेली, हे म्हणणं मला पटत नाही.

देवांच्या तसबिरी हा अवघड विषय. टाकवत नाहीत, ठेववत नाहीत, म्हणून पिंपळाच्या पारावर नाहीतर नदीकाठी सोडल्या जातात. उत्तरपूजा करून तसबीर सोडवावी. काच, लाकूड आणि कागद वेगळा करावा. नाशिकमध्ये गोदाकाठी टाकलेल्या तसबिरी गोळा करून हेच काम निष्ठेने करणारी माणसं आहेत. समितीने एक दिवस ठरवून, गुरुजींना बोलावून सगळ्या इमारतीची उत्तरपूजा एकत्र केली, तर म्हाताऱ्या माणसांच्या मनावरचं केवढं ओझं उतरेल! कुलदैवताचे टाक मात्र घराबरोबरच जावेत. ते बोटभर असतात, त्यांना जागा लागत नाही.

कचऱ्याबद्दल थोडक्यात. मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर, ट्यूबलाइट, रंगाचे डबे आणि बॅटऱ्या हा घरगुती घातक कचरा आहे, तो ओल्या-सुक्यात मिसळू नये. जुन्या डब्यासारख्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तो आवारात फोडू देऊ नका, पाडकामाच्या ठेकेदाराच्या माणसांनाही नाही. ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे, तेव्हा तो अधिकृत संकलन केंद्रातच द्यावा. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसोबत उभी आहे आणि तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था आली. तुमच्या दारावर रोज येणाऱ्या ताईंना सहा महिने आधी सांगा, की ही इमारत रिकामी होणार आहे. कुठल्या वस्तूचं काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि त्या मालावर पहिला हक्कही त्यांचाच असावा.

देण्याबद्दलही एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. शेवटच्या दिवशी घरकामाच्या मावशींच्या हातात मोडका मिक्सर आणि वाकलेली खुर्ची ठेवली जाते आणि त्यांनी आनंदाने न्यावी अशी अपेक्षा असते. त्यांचं घर दहा बाय दहाचं असतं. आधी विचारावं, ‘तुम्हाला काय लागेल?’ आणि त्या म्हणतील ते चालू स्थितीत, पुसून, हवं तर टेंपोचं भाडं देऊन पोचवावं. इमारत रिकामी होते तेव्हा त्यांची वीस घरांची कामं एका दिवसात जातात, हेही समितीच्या लक्षात असायला हवं. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, हवेची गादी यांना तर मागणी भरपूर आहे. रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन वापरायला देणारी केंद्रं जवळपास प्रत्येक शहरात चालतात. कुणाच्या तरी शेवटच्या आजारात घेतलेलं ते सामान घरात ठेवून रोज त्याच्याकडे बघत राहणं फार जड असतं.

आणि मोजमाप. नव्या घराचा नकाशा हातात असतो, पण मिलिमीटरमधला नकाशा वाचून आजीला काहीच कळत नाही. पार्किंगमध्ये खडूने नव्या स्वयंपाकघराची आणि खोलीची खऱ्या मापाची चौकट आखून द्या. तिथे उभं राहिलं की लोखंडी कपाट कुठे बसेल, दिवाण बसणार नाही, शिसवी टेबल लिफ्टमधून जाणार की नाही, हे माणसं स्वतःच ठरवतात. दुसऱ्या कुणी ‘हे मावणार नाही’ म्हणण्यापेक्षा स्वतःच्या पावलांनी मोजलेलं पटतं. भाड्याच्या घराचंही असंच करता येतं.

तुमच्याकडून मला काय हवं, ते आता स्पष्ट लिहिते. विकसन करारात ताब्याच्या तारखेआधी किमान सहा महिन्यांची लेखी सूचना देण्याचं कलम घाला. स्थलांतराच्या खर्चाची एकच ठोक रक्कम ठरते, ती फक्त ट्रकची असते. तिच्यापासून वेगळी, एकट्या राहणाऱ्या आणि पासष्टीपुढच्या सभासदांसाठी दोन माणसांची मजुरी विकासकाने काही आठवडे द्यावी, असं लिहून घ्या. प्रकल्पाच्या खर्चात ही रक्कम दिसणारही नाही. जो फ्लॅट सगळ्यात आधी रिकामा होईल तो दोन महिने पाडकामाला न देता सोसायटीकडे ठेवा, आणि तिथे देण्या-घेण्याच्या वस्तू मांडा: एका खोलीत पुस्तकं, एकीत भांडी, स्वयंपाकघरात चालू उपकरणं. आधी सभासदांनी घ्यावं, मग इमारतीत काम करणाऱ्यांनी, मग शेजारपाजाऱ्यांनी. कुंड्यांची आणि तुळशीवृंदावनांची सोयही याच काळात लावा. गच्चीतली पन्नास झाडं शेवटच्या दिवशी कुणी घेत नाही.

हे सगळं तुमच्या अधिकारात आहे. याला सरकारी परवानगी लागत नाही, जास्तीचा एफएसआय लागत नाही, सर्वसाधारण सभेतला एक ठराव पुरतो. करारावर सह्या झाल्यानंतर मात्र विकासक यातलं काही मान्य करील असं समजू नका. वाटाघाटी चालू असतानाच ते मिळतं. म्हणून तुमच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर, कार्पेट आणि कॉर्पसच्या बरोबरीने, ‘घरे रिकामी करण्यासाठी मुदत व मदत’ हा विषय घ्या. आणि त्यावर पहिलं बोलायला इमारतीतल्या सगळ्यात वयस्कर सभासदाला उभं करा.



आपली,
पुनर्विकासात गेलेल्या एका सोसायटीची सभासद, पुणे